हिरामंजनवाले कैलासचंद

रिसोडच्या शाळेतून निवृत्त होऊन मला आठ वर्षं झाली. शाळा सुटली, तरी सकाळी साडेनऊला घराबाहेर पडायची सवय काही सुटली नाही. मग कैलासचंदजींच्या दुकानापुढच्या बाकावर पेपर वाचत बसायचं, असं आपोआप ठरून गेलं. पुढची बरीचशी हकिगत त्यामुळे माझ्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. बाकीची त्यांनीच मला सांगितली आणि अनेकदा सांगितली. सांगताना दर वेळी हकिगतीतल्या एकाच ठिकाणी यायचे आणि थांबायचे.

दुकान काष्ठौषधींचं. हिरडा, बेहडा, जेष्ठमध, बाभळीची साल, असल्या मालाच्या गोण्या आणि भिंतभर पत्र्याचे डबे. पण तालुक्यात दुकान ओळखलं जायचं ते हिरामंजनामुळे. कैलासचंदजींचे वडील हिराचंदजी, त्यांनी बसवलेलं हे दंतमंजन. कडुनिंब, बाभूळ, डाळिंबाची साल, सैंधव, थोडी फिटकरी, लवंग, ओव्याचं फूल आणि अक्कलकाढा. अक्कलकाढ्याची मुळी जिभेवर ठेवली की आधी झणझणते आणि मग काही वेळ जीभ आपली राहत नाही. हिरामंजनाची सारी कीर्ती त्या झणझणीवर उभी होती. भंवरीबाई, म्हणजे कैलासचंदजींची पत्नी, मागच्या खोलीत बसून सगळं मलमलीतून गाळायच्या आणि त्या गल्लीत शिरणाऱ्याला आधी शिंक यायची.

मी स्वतः पंचवीस वर्षं ते मंजन वापरतो. दात स्वच्छ राहतात, हिरड्या घट्ट राहतात, तोंडाला वास येत नाही. मंजन वाईट नव्हतं, हे मी आधीच सांगून ठेवतो.

त्यांचा मुलगा नमन औषधनिर्माणशास्त्र शिकून आला आणि त्यानं मंजनाची पेस्ट केली. परवाना काढला, मागच्या खोलीत घोटायचं यंत्र बसवलं. पांढऱ्या ट्यूबवर हिरवं पान आणि खाली आजोबांचं नाव. पोरंसोरं बोटानं मंजन लावायला लाजतात, पण ब्रशवर पेस्ट घेतात, हा त्याचा हिशेब बरोबर निघाला. वर्षभरात मेडशीपासून आसेगावपर्यंत किराणा दुकानांतून हिरामंजन पेस्ट दिसू लागली.

नमनची बायको अपूर्वा दातांची डॉक्टर. लग्नानंतर तिनं दुकानाच्या वरच्याच मजल्यावर दवाखाना थाटला. जिना दुकानाच्या अंगानंच वर जातो. पहिल्याच महिन्यात ती सासऱ्यांना म्हणाली होती, "पापाजी, दात दुखतो म्हणून जे कोणी पेस्ट मागतील, त्यांना आधी वर पाठवत जा. मी नुसतं बघेन."

कैलासचंदजी हसले. "बेटा, चाळीस वर्षं लोकायचे दात मी पाहून राह्यलो. दुकानात दवाखान्याचं काढत जाऊ नको. गिऱ्हाईक भेते."

ती जिना चढून वर गेली. त्या घरात सून सासऱ्यांशी वाद घालत नाही, आणि तसा तो वादाचा विषयही कोणाला वाटला नाही. मीही तिथेच बसलो होतो आणि मीही हसलो होतो.

गोजराबाई जांभरुणची. तीन एकराची शेती, मुलगा जानराव आणि सून राखी ती कसत. म्हातारी दर बाजाराला जीपनं रिसोडला यायची, भाजी विकायची आणि परत जाताना दुकानाच्या पायरीवर दहा मिनिटं टेकायची. गालात तंबाखूची गोळी कायमची. बोलणं खणखणीत, आणि सगळ्यांशी सारखंच.

दिवाळीच्या सुमाराचा बाजार होता. गोजराबाई पायरी चढून काउंटरपाशी आली. एक बोट गालात घालून तिनं गाल बाहेरच्या बाजूला ओढला आणि म्हणाली, "शेटजी, इथं आतून कायतरी झालं. तिखट लागू देत नाही. पाहा ना जी."

गर्दीची वेळ होती. तंबाखूचा भपका आला म्हणून असेल, किंवा परक्या बाईच्या तोंडात काय डोकवायचं म्हणून असेल, कैलासचंदजींनी मान वळवली आणि मागच्या फळीवरची ट्यूब काढली. "उष्णता असन. हे लाव दोन टाइम. बोटानं थितंच चोळ."

"पाहा तं खरं एकडाव."

"अवं, लाव म्हटलं ना. आराम पडते."

आणि आराम पडला. पुढच्या बाजाराला ती आली ती हसतच आली. "निरा सुन्न होते शेटजी, काहीच समजत नाही. भाकर खाल्ली मी काल, मिरचीसंग." पायरीवर बसलेल्या बायांना तिनं स्वतःच सांगायला सुरुवात केली. एक ट्यूब घरभर महिना पुरते, ती दर आठवड्याला एक नेऊ लागली. कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. नमननं तिचा फोटो काढला. डोक्यावर पदर, बोट गालाला लावलेलं, तोंडभर हसू. खाली मोठ्या अक्षरांत "दाढदुखी पळाली! गोजराबाई, जांभरूण." पोस्टरं छापून आली, तेव्हा कैलासचंदजींनी एक स्वतःच्या हातानं दुकानात लावलं आणि बाकीची नमननं पोरांकरवी गावोगाव चिकटवली. गोजराबाईनं दोन मागून घरी नेली.

उन्हाळ्यात ती यायची बंद झाली. तिच्याऐवजी जानराव यायचा. चाळिशीचा, सडसडीत, तंबाखू-सुपारी घोटून केलेला खर्रा चघळत बोलणारा. "माय म्हणते तीनक ट्यूबा आणजो. गाल सुजला तिचा." कैलासचंदजींनी विचारलं, डॉक्टरला दाखवलं का? "पेरणी होऊ द्या, मंग नेतो," तो म्हणाला. त्यांनी ट्यूबा दिल्या.

पेरणीनंतर त्यानं तिला अकोल्याला नेलं. तिथून नागपूरला जायला सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरांनी गालाचा तुकडा तपासून सांगितलं की कॅन्सर आहे, जबड्यात उतरला आहे, आता कापून उपयोग नाही. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात गोजराबाई गेली.

आम्ही दोघं भेटायला गेलो. अंगणात माणसं बसली होती. जानराव उठून आला, त्यानं कैलासचंदजींचे दोन्ही हात हातात धरले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "शेटजी, तुमच्या पेस्टनं मायले लय आराम देला. शेवटी पानी उतरत नव्हतं, पन म्हने, शेटजीची दवा लावून दे. तुमचे उपकार हायेत आमच्यावर."

घराच्या ओट्यावरच्या भिंतीला पोस्टर होतं. त्याच्या खालीच कोणीतरी दिवा लावून ठेवला होता, कारण घरात तिचा दुसरा फोटो नव्हता.

दुकानात परत आल्यावर कैलासचंदजींनी भिंतीवरचं पोस्टर काढलं आणि घडी करून गल्ल्याखाली ठेवलं. भिंतीवर तेवढा चौकोन उजळ राहिला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, सकाळची वेळ, ऊन चांगलं पायरीपर्यंत आलेलं. मी पेपर वाचत होतो. ते हळूच म्हणाले, "मास्तर, पायरीवर कोनी बसलं हाय का?"

मी पाहिलं. कोणी नव्हतं. तसं सांगितलं.

"बरं," ते म्हणाले आणि वजन करू लागले. पण समोरचं गिऱ्हाईक पायरी चढू लागलं, तसे ते एकदम बोलले, "तिकून नका, इकून या." गिऱ्हाईक गोंधळलं आणि दुसऱ्या बाजूनं चढलं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्यांचा चेहरा पाहिला आणि मी पेपर घडी करून बाजूला ठेवला.

मग ते रोजचंच झालं. त्यांच्या जैन नेमाप्रमाणे ते सूर्य उगवल्यावर पाऊण तासानं तोंड धुतात. आता आरशापुढे उभे राहायचे आणि मंजनाचं बोट तोंडात घालायचेच नाहीत. बोट गालाला लागलं की आरशात आपलं तोंड दिसत नाही, असं ते मला म्हणाले. कोणाचं दिसतं, ते मी विचारलं नाही. नुसत्या पाण्यानं चुळा भरून ते दुकानात यायचे. दुपारी दुकान रिकामं असलं की कधीकधी ते काउंटरपलीकडे वाकून, डोळे बारीक करून हवेत बघत राहायचे. एकदा मी विचारलं, "काय पाहता?"

"ते म्हनते पाहा ना जी. म्हून पाहतो. पन आता काहीच दिसत नाही, मास्तर. निरा अंधार दिसते."

भंवरीबाईंनी घाबरून घरात जप बसवला, अंगारा आणायचंही कोणी सुचवलं. नमन म्हणाला, वय झालं, झोप कमी झाली. शेवटी एका दुपारी ते उठले, दुकान तसंच माझ्यावर सोडून जिना चढून अपूर्वाच्या दवाखान्यात गेले. सून सासऱ्यांपुढे उभी राहिली. त्यांनी तिला पेशंटच्या खुर्चीत न बसता, दारातूनच विचारलं. घरात ते मारवाडीत बोलतात, मी माझ्या भाषेत सांगतो.

"माझ्या पेस्टनं झालं का?"

"नाही पापाजी. तंबाखूनं झालं. पेस्टनं कॅन्सर होत नाही."

ती खोटं बोलणारी नाही, हे त्यांना माहीत होतं. आणि अजून काही राहिलं आहे, हेही.

"पुढचं सांग."

अपूर्वानं हातमोजे काढून ठेवले. मग म्हणाली, "अक्कलकाढा आणि लवंग, दोन्हींनी तिथली जागा बधिर होते. तिला दुखायचं थांबलं, म्हणून ती कुठे गेली नाही. तोंडातली जखम पंधरा दिवसांत भरली नाही तर बघावी लागते. दिवाळीला मी बघितलं असतं तर छोटं ऑपरेशन झालं असतं. वाचलीच असती असं नाही म्हणता येणार. पण बहुतेक वाचली असती."

"मी तिला वर पाठवलं असतं तर."

"हो."

तो जिना मी मोजलेला आहे. अठरा पायऱ्या आहेत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नमनला सांगितलं, अक्कलकाढा बंद. नमननं खूप समजावलं. झणझण गेली तर लोक म्हणतील हे हिरामंजनच नव्हे, आजोबांची कृती आपण कशी बदलायची. कैलासचंदजी फक्त म्हणाले, "दात घासायला झणझण लागत नाही." ट्यूबवर एक ओळ वाढली: तोंडातली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा पंधरा दिवसांत बरा झाला नाही तर डॉक्टरांना दाखवा, पेस्टवर विसंबू नका. जुना सगळा माल त्यांनी दुकानादुकानांतून परत मागवला. खप निम्म्यावर आला.

आणि मग पोस्टरं. त्यांना ती सगळी काढायची होती. नमन म्हणाला, पावसानं जातील. पण ती चांगल्या कागदाची होती. हिवाळ्यातल्या एका आठवड्यात आम्ही दोघांनी रोज जीप धरली. पाण्याची कॅन, स्पंज, रंगाऱ्याची खरवडपट्टी. रिसोडचं बसस्थानक, मग रस्त्यावरची गावं, मेडशीचा फाटा, पार आसेगाव. भिंतीभिंतीवर गोजराबाई हसत होती. ऊन खाऊन कागद पिवळा पडला होता, पण हसू तसंच. कैलासचंदजी आधी कागद ओला करायचे, एखाद्याचं तोंड पुसावं तसा स्पंज फिरवायचे, आणि मग खालून खरवडायला घ्यायचे. मला कुठे हात लावू द्यायचे नाहीत.

मेडशीला एका पिठाच्या गिरणीच्या भिंतीवर कागद असा घट्ट बसला होता की नाव निघालं, पदर निघाला, डोळे निघाले आणि तोंड निघेना. नुसतं हसणारं तोंड आणि गालाला लावलेलं बोट, विटांवर राहिलं. ते खरवडत राहिले. बोटातून रक्त आलं. गिरणीवाला हेमसिंग बाहेर येऊन पाहू लागला. म्हणाला, "राहू द्या ना शेटजी, कोनाचं काय खाते ते?"

कैलासचंदजी खाली बसले आणि भर रस्त्यात, माणसांदेखत रडले. मी त्यांना ओळखतो त्या तीस वर्षांत ते मी पहिल्यांदा पाहिलं. शेवटी हेमसिंगनंच आतून चुन्याची बादली आणली आणि त्या जागेवर दोन हात फिरवले.

पोस्टरं गेली तरी पायरीवरची बाई गेली नाही. वर्ष असंच गेलं. पुन्हा भाद्रपद आला, पर्युषण आलं. कैलासचंदजींनी आठ दिवसांचे उपवास केले. संवत्सरीच्या संध्याकाळी प्रतिक्रमण झालं की घरातले, गल्लीतले, सगळे एकमेकांपुढे हात जोडतात, मिच्छामि दुक्कडम् म्हणतात. वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा. मलाही ते दर वर्षी म्हणतात. या वर्षी माझ्यापुढे हात जोडले आणि म्हणाले, "मास्तर, ज्याले म्हनाचं त्याले नाही म्हटलं, तं साऱ्या गावाले म्हनून काय उपेग?"

पारणं झाल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही जांभरूणला गेलो. जानराव नुकताच शेतातून आला होता, पाय धूत होता. राखीनं खाट टाकली, चहा ठेवला. कैलासचंदजी खाटेवर बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी सगळं सांगितलं. दिवाळीचा बाजार, तिचं पाहा ना जी म्हणणं, त्यांचं मान वळवणं. वरच्या मजल्यावर डॉक्टर सून असणं. अक्कलकाढ्यानं दुखणं झाकलं जाणं. मग हात जोडले.

जानरावनं हातातला तांब्या खाली ठेवला. राखी चुलीपाशी तशीच उभी राहिली. मग तो म्हणाला, "हे तुमी मले काहून सांगतलं?"

"माफी मागाले आलो, जानराव."

"एक साल झालं, मी मनाले सांगून राह्यलो का आपल्यानं होत होतं ते समदं केलं. मायले दवाखान्यात नेलं, मांगितली ते दवा आनून देली. आता तुमी म्हनता ते दवाच खोटी होती. आनून कोन देत होतं? मीच तं देत होतो! पेरणी होऊ द्या म्हनून कोन थांबलं? मी थांबलो!" त्याचा आवाज चढला. "तुमचं वझं तुमाले झेपलं नाही, म्हून माह्या डोक्शावर आनून ठेवलं. आन वरून माफी पायजे!"

कैलासचंदजींचे हात जोडलेलेच होते. आम्ही क्षमा मागायला निघालो तेव्हा हे होऊ शकतं, असं दोघांच्याही मनात आलं नव्हतं.

आणि तेवढ्यात त्यांनी जे केलं ते मी अजून विसरलेलो नाही. बोलताना जानरावचं तोंड नीट उघडत नव्हतं. ओठ आवळल्यासारखे, शब्द दातांतून. कैलासचंदजींनी एक पाऊल पुढे टाकलं, त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, थेट पाहिलं, आणि म्हणाले, "जानराव, तीन बोटं उभी घाला बरं तोंडात."

"काय?"

"जातात का पाहा. खर्ऱ्यानं तोंड आवळून येते. माह्या सुनंनं सांगतलं मले."

जानरावचा चेहरा काळवंडला. "माय दाखवत होती तवा नाही पाह्यलं," तो अगदी हळू म्हणाला. "आन आता माह्या तोंडात पाहाले आले? निंगा इथून."

आम्ही निघालो. फाटकापर्यंत राखी मागे आली. पदर तोंडाला लावून तिनं मला विचारलं, "मास्तर, तीन बोटं जायला पायजेत का? यायले भाकरीचा घास बी बारीक करून द्या लागते मले." मी तिला अपूर्वाच्या दवाखान्याचा नंबर लिहून दिला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन शेंगांवर आलं होतं. जीपची वाट पाहत आम्ही उभे होतो. मी विचारलं, मन हलकं झालं का? "नाही," ते म्हणाले. "त्याचं जड केलं. मले वाटलं होतं, सांगतलं का ते बाई पायरीवरून उठून जाईन. आपल्यासाठीच गेलो होतो मी, मास्तर."

त्या दिवसापासून ते गोजराबाईबद्दल माझ्याशी बोललेले नाहीत. पायरीची ती बाजू मात्र अजून रिकामीच असते. आता ते मंजन लावतात, आरशात पाहून लावतात. आणि दुकानात कोणी गालाला हात लावून आलं की काउंटर सोडून बाहेर येतात, चष्मा सारखा करतात, त्या माणसाला उजेडात नेतात आणि आ करायला लावतात. काही लोक हसतात, काही चिडून दुसऱ्या दुकानात जातात. जे थांबतात, त्यांना ते हात धरून जिन्यापर्यंत पोचवतात.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी राखी आणि जानराव जीपमधून उतरले. जानरावनं दुकानाकडे पाहिलं नाही. समोरून, कैलासचंदजींच्या डोळ्यांपुढून, तो जिना चढून वर गेला. तासाभरानं उतरला तेव्हा गालात कापूस होता. कैलासचंदजी काउंटरमागे उभे होते, हातातला तराजू तसाच. त्यांनी हाक मारली नाही.

तुकडा तपासायला गेला. पंधरा दिवसांनी अहवाल आला. कॅन्सर नव्हता. पण गालाची आतली कातडी कडक होऊ लागली होती, आणि खर्रा सुटला नाही तर पुढचं सांगता येणार नाही, असं अपूर्वानं त्याला स्पष्ट सांगितलं. तोंडाचे व्यायाम दिले, दर महिन्याला यायला सांगितलं. राखी म्हणते, आता पुडी आठवड्यातून एखादी असते, तीही चोरून.

जानराव दर महिन्याला येतो. कैलासचंदजींशी तो बोलत नाही, आणि बोलेल असं मला वाटत नाही. मागच्या महिन्यात त्याच्यासोबत जांभरुणची आणखी दोन माणसं होती. एकाच्या खिशातून खर्ऱ्याची पुडी डोकावत होती. जानराव पुढे झाला, जिन्याशी थांबला आणि त्यांना म्हणाला, "चला. वरतं हाय दवाखाना."